तीन नको, चार करा

आमच्या घरी ताटात तीन भाकरी वाढत नाहीत. तीनच खायच्या असतील तर तिसरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवतात. अख्ख्या तीन म्हणजे मेलेल्याचं पान. आई अजूनही फोनवर विचारते, "डब्यात तीन पोळ्या तं नाई नेत ना रे?" आणि मी पोटासाठी जे काम करतो, त्याची सुरुवातच तीनपासून होते. या दोन गोष्टींच्या मधे सापडून शेलूबाजारच्या एका बाईची नोकरी जाणार होती. तिला जेवढं सांगितलं तेवढंच तिनं केलं होतं. दिवाळी अंकात गोडधोड लिहावं एवढं मला समजतं. पण त्या गोष्टीचा राग आला होता, अजून उतरलेला नाही, आणि तो साखरेत घोळून द्यायची माझी तयारी नाही.

मी मालेगाव तालुक्यातल्या मेडशीचा. राहतो हैदराबादेत. शाळा म्हणाल तर सातवी पास आणि आठवीचे थोडे दिवस. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर जायचे, मी सोबत. परत आलो की वर्ग कुठल्या कुठं गेलेला असायचा. एका वर्षी मी त्या वर्गात गेलोच नाही. पुढे एका ठेकेदारासोबत हैदराबाद गाठलं. रस्त्याच्या कडेला नाली खोदायची, त्यात केबल टाकायची आणि वरून माती लोटायची. केबल टाकता टाकता एका इमारतीत शिरलो, आणि त्या इमारतीतल्या थंडगार खोलीत कपाटासारख्या ओळींत मशिनी घुरघुरत उभ्या होत्या. तिथं वायरी ओढायचं काम मिळालं.

त्या खोलीचे मोठे इंजिनियर श्रीनिवास सर. कोणती वायर कुठून कुठं जाते हे मी न बघता सांगतो, एवढंच त्यांनी पाहिलं. एक दिवस स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बैठ." त्या आधी कुठल्याही साहेबानं मला खुर्ची दिली नव्हती. त्यांनी आपला जुना कीबोर्ड दिला. त्यावरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती, म्हणून मला इंग्रजी अक्षरं जागेवरून पाठ झाली. कंपनी दरवर्षी शिक्षणाचा दाखला मागते. दरवर्षी मी तो कागद टाळायचो, आणि दरवर्षी सर सांगायचे, "त्याचं माझ्याकडे राहू द्या." हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर राग करायला सोपं गेलं असतं.

आता काम सांगतो. धान्याचं गोदाम चालवणारी एखादी कंपनी घ्या. कोणाची किती पोती, कोणत्या थप्पीला, केव्हा आली, केव्हा गेली, ही सगळी माहिती एका मशीनमध्ये राहते. तिला सर्व्हर म्हणतात आणि माहितीच्या त्या साठ्याला डेटाबेस. ती मशीन जळाली तर? म्हणून तीच माहिती तीन मशिनींवर एकाच वेळी ठेवायची. तिघींत एक मुख्य. नवी नोंद तिच्याकडे होते, बाकीच्या दोघी लगेच नक्कल करून घेतात. मुख्य बंद पडली तर उरलेल्या दोघी आपसात मत देतात आणि एकीला मुख्य करतात. नियम एकच आहे: एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. कारण मधली लाइन तुटली आणि दोन्हीकडे दोन मुख्य झाल्या, तर इकडं एक हिशोब चालेल आणि तिकडं दुसरा, मग तेच पोतं दोघांना दिलं जाईल. म्हणून ज्या बाजूला निम्म्याहून जास्त मतं नाहीत, ती बाजू गप्प बसते. जुनं दाखवते, नवं लिहून घेत नाही. तिघींपैकी दोघी एका बाजूला असल्या तर त्यांचं भागतं. चौघींच्या दोन-दोन झाल्या तर कोणाचंच भागत नाही.

माहिती फार झाली की तिचे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याला अशा तीन मशिनी देतात. तुकडे कसे पाडायचे यातही नमुने भेटतात. एका गिऱ्हाइकानं हट्टानं आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून तुकडे पाडून घेतले. आमच्या भागात अर्ध्या गावाचं आडनाव एकच. एक मशीन धापा टाकत होती आणि बाकीच्या वारा खात बसल्या होत्या. दुसऱ्या एकानं तिन्ही नकला एकाच कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि मला अभिमानानं म्हणाला, "आता कोण हात लावते पाहू."

हे सगळं आधी हातानं बसवायचं. एक एक मशीन उघडा, आज्ञा टाइप करा, तिला बाकीच्यांची ओळख करून द्या. दहा जणांनी बसवलं तर दहा तऱ्हा. म्हणून आम्ही आज्ञांची एक फाईल तयार केली. वर फक्त लिहायचं की तुकडे किती, मशिनी किती, कोणती कुठं. मग फाईल चालवली की वरपासून खालपर्यंत सगळं आपोआप उभं राहतं. या फाईलचा मोठा भाग मी लिहिला. लिहिताना मी भित्र्या माणसासारखा लिहितो, म्हणजे पावलापावलावर तपासणी. त्यातली एक तपासणी अशी होती: मशिनींचा आकडा सम असेल तर थांब, पुढे जाऊ नको.

बाबूजींचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मला आनंद झाला होता. बाबूजी म्हणजे कारंजा लाडचे जुने व्यापारी. एक गोदाम कारंजात, दुसरं शेलूबाजारात. माहितीचे दोन तुकडे करायचे ठरले, एक कारंजाचा, एक शेलूबाजारचा. प्रत्येक तुकड्याच्या दोन मशिनी त्या त्या गोदामाच्या ऑफिसात, एक आमच्याकडे हैदराबादेत. बाबूजींना समजावायला सरांनी मला फोनवर बसवलं, कारण बोली माझी.

"एका जागेच्या किती मशिनी म्हणतं?"

"तीन, बाबूजी."

"तीन?" बाबूजी थांबले. "नाई बा. दसऱ्याच्या मुहूर्तावर तीन कायले बसवता? तीन नको, चार करा."

मला हसू आलं नाही. माझ्या आईनं हेच म्हटलं असतं. मी आवाज बंद करून सरांकडे वळलो आणि सांगितलं. त्यांनी एवढासाही विचार केला नाही. "चार हवेत तर चार दे. आपली एक मशीन जास्त जाते. नाही कशाला म्हणायचं?"

"सर, दोन तिकडे, दोन इकडे. लाइन तुटली तर?"

"लाइन कशाला तुटेल?"

"तिकडं हायवेचं काम चालू आहे, सर. मी स्वतः नाल्या खोदल्यात. खोदणाऱ्याला खालची केबल दिसत नाही."

"गजानन, तू प्रत्येक गोष्टीला घाबरतोस."

ते खरं आहे, मी घाबरतो. पण सरांना हे माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. मतांचा नियम, सम-विषम, सगळं त्यांनीच मला शिकवलं होतं, त्याच खुर्चीत बसवून, कागदावर गोल काढून. ते माझ्यावरून वाकले, माझ्या कीबोर्डवर हात घातला आणि माझ्या तपासणीच्या ओळीपुढे एक चिन्ह टाकलं. ते चिन्ह असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. फाईल चालली आणि कुरकुर न करता चार-चार मशिनी उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "बघ. ऑटोमॅटिक."

या शब्दाची मला चीड आहे. सगळं नीट चाललं की काम ऑटोमॅटिक असतं. बिघडलं की मग माणूस शोधतात, आणि तो नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर सापडतो.

शेलूबाजारच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वर्षाताई बसायच्या. माहेर मेडशीचंच, आमच्या घरापासून चार घरं पलीकडे. आधी त्याच गोदामात सोयाबीन झाडून गोळा करायच्या. मग काट्यावर उभ्या राहू लागल्या, मग नोंदी सांगू लागल्या, आणि एक दिवस बाबूजींनीच त्यांना टेबलाशी बसवलं. खुर्ची मिळणं म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

दसरा झाला, सोयाबीन निघालं, आणि बाजाराच्या दिवशी हायवेवर जेसीबीनं केबल तोडली. शेलूबाजार एकीकडे, हैदराबाद एकीकडे. दोन इकडे, दोन तिकडे. कारंजाची लाइन वेगळी, म्हणून कारंजाचा तुकडा मजेत चालू होता. फक्त शेलूबाजार अडकलं. वर्षाताईंचा फोन आला, मागून ट्रॅक्टरचा आवाज.

"गजूभाऊ, जुनं सगळं दिसून राह्यलं, पण नवीन पोतं घेऊनच नाई राह्यलं. मी काय करू? लोकं अंगावर येऊन राह्यले."

मी फोन सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "तिला सांग, एक मशीन बंद करून चालू कर."

"सर, त्यानं काही होणार नाही."

"सांग."

मी सांगितलं. सरांचे शब्द, माझ्या तोंडून, आमच्या बोलीत. ताईंनी विचारलं, "बंद करू? नक्की?" मी म्हटलं, "साहेब म्हणतात, करा." त्यांनी बंद करून चालू केली. काही बिघडलं नाही, काही सुधारलंही नाही. दोन मतं होती, दोनच राहिली. सरांनी ते फक्त गिऱ्हाइकाला काहीतरी चालू आहे असं वाटावं म्हणून सांगितलं होतं. आमच्या धंद्यात ही फार जुनी रीत आहे.

ताईंनी मग जे सुचलं ते केलं. पोती उतरवून घेतली आणि प्रत्येक पोत्यावर खडूनं नाव लिहिलं. आता आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोन जण निघतात. निघालेच. कोणाचं पोतं कोणतं यावरून काट्यापाशी भांडण जुंपलं, धक्काबुक्की झाली, आणि मागच्या रांगेतले ट्रॅक्टर वळून दुसऱ्याच्या गोदामाकडे गेले. लाइन जोडली गेली तोवर बाजार उठला होता.

बाबूजींनी आमच्या कंपनीला विचारलं: काय झालं ते कळवा. सरांनी इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. "मराठी कर. उद्या फोनवर तूच वाचून दाखव. तुझे लोक आहेत." मी वाचत गेलो. लाइन तुटली, बरोबर. मग पुढे: केंद्रावरील ऑपरेटरने अनुभव कमी असल्यामुळे सर्व्हर परस्पर बंद केला, त्यामुळे नोंदी थांबल्या.

परस्पर.

मी म्हटलं, "सर, तिला आपण सांगितलं होतं."

"अरे, एका ऑपरेटरचं काय? दुसरी मिळेल तिला नोकरी. आपलं गिऱ्हाईक गेलं तर इथं किती जणांवर येईल? तुझ्यावरसुद्धा." मग जरा मऊ आवाजात, "तुझं दाखल्याचं मी इतकी वर्षं सांभाळलंय, गजानन."

धमकी नव्हती ती. धमकी असती तर बरं झालं असतं. ते मला आठवण करून देत होते, आणि आठवण खरी होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची पोरं हसली. गोष्ट सगळ्या ऑफिसात पसरली होती. "गाववाल्यांना म्हणे तीन चालत नाहीत." मी त्यांना विचारलं, आपल्या लिफ्टमध्ये बाराच्या पुढचं बटण कोणतं? चौदा आहे. इमारतीला तेरावा मजला नाही, आणि ही इमारत काही शेलूबाजारात नाही. याच खोलीत दरवर्षी मशिनींच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधतात. ते चालतं, ती परंपरा. आमच्या माणसानं तीन नको म्हटलं की ते अडाणीपण.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. हैदराबादेत सर आणि मी, कारंजाहून बाबूजी, शेलूबाजारहून वर्षाताई. मी वाचायला सुरुवात केली. त्या वाक्यापाशी आलो आणि वाचलं. खोटं कशाला सांगू, मी वाचलं. तोंडातून गेलं तेव्हाच कळलं की याच तोंडातून आधी काय गेलं होतं.

ताई म्हणाल्या, "नाई, बाबूजी. मी मनानं नाई बंद केली. मले सांगितलं तवाच केली."

"कोनं सांगितलं तुले?"

तिकडं लांब कोणीतरी पोतं आपटलं.

"वर्षा, मी इचारून राह्यलो. कोनं सांगितलं?"

"आठवत नाई, बाबूजी."

तिला आठवत होतं. मेडशीचा, चार घरं पलीकडचा, वीटभट्टीवाल्याचा पोरगा, तिकडं परमुलखात कसाबसा टिकलेला. तिनं स्वतःची खुर्ची सोडून दिली आणि माझी वाचवली. आणि माझ्या शेजारी बसलेल्या शिकल्या-सवरल्या माणसानं सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास मी ऐकला. बाकी सगळं मी आजवर गिळलं असतं कदाचित. तो श्वास नाही गिळता आला.

"मी सांगितलं, बाबूजी," मी म्हटलं. "गजानन. ताईनं दोनदा इचारलं, करू का म्हणून. मी म्हटलं करा. आणि मले सरांनी सांगायला लावलं. हे माझ्या बाजूलेच बसले हायेत. आणि बंद केल्यानं काईच झालं नाई. झालं ते चार मशिनींनं."

सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाचा हात काढला.

मग बाबूजींना सगळं सांगितलं. लाइन तुटल्यावर दोघी इकडं राहतात आणि दोघी तिकडं, दोन्हीकडे सारखीच मतं, म्हणून कोणीच पुढे होत नाही. तीन असत्या तर शेलूबाजारच्या दोघींनी काम चालू ठेवलं असतं. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं आणि आम्ही तुम्हाला सांगितलं नाही.

बाबूजी फोनवरच पुटपुटत दोन-दोन मोजू लागले.

"म्हंजे सम नाई चालत."

"नाई चालत, बाबूजी."

"मंग मले पाच काहून नाई सांगितल्या?" आता त्यांचा आवाज चढला. "पाच तं शुभ असते रे! पाच म्हटलं असतं तं मी त्याच दिवशी नारळ फोडला असता. तुमी लोकं तिथं काय करून राह्यले? इचारायले तोंड नाई का तुमाले?"

कोणीच त्यांना विचारलं नव्हतं. एकानं त्यांना हो म्हणून गप्प केलं होतं, बाकीचे त्यांना हसले होते, आणि मी घाबरलो होतो. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन त्यातून वाट काढायला फक्त एक वाक्य लागलं असतं.

वर्षाताईंची नोकरी राहिली. माझीही राहिली, कारण फाईल सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं. सर माझ्यावर ओरडले नाहीत. दाखल्याचा कागद त्या वर्षी माझ्या टेबलावर आला, कोणीही मधे न थांबवता. मी त्यावर खरं ते लिहिलं, सातवी, आणि देऊन आलो. पुढे काही झालं नाही. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, तो कागद कोणी वाचतही नव्हतं. त्या दिवसानंतर सरांनी मला "बैठ" म्हटलेलं नाही. मी त्यांच्या खोलीत जातो, उभा राहतो, काम सांगतो, निघतो. झिजलेला कीबोर्ड मी अजून वापरतो. परत करायला गेलो तर ते घेतील अशी भीती वाटते.

तपासणीची ओळ मी पुन्हा चालू केली. आता आकडा सम असला की फाईल नुसती थांबत नाही, पडद्यावर मराठीत लिहून येतं: सम चालत नाही. तीन नको असतील तर पाच घ्या. गिऱ्हाइकाला विचारा.

दोन्ही तुकड्यांच्या पाचव्या मशिनी पाडव्याला बसल्या, कारंजाची कारंजात आणि शेलूबाजारची शेलूबाजारात, म्हणजे लाइन तुटली तरी तीन मतं घरचीच. शेलूबाजारला श्रीनिवास सर स्वतः गेले. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं. पाचाची कल्पना आमच्या कंपनीची, असं भाषणात सांगून आले. हे मला वर्षाताईंनी कळवलं. मी फोनवरच शिव्या घालायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "थांबा ना भाऊ, ऐका तं पुरं. तुमच्या साहेबानं मले सगळ्यांसमोर हासून इचारलं, आता लाइन तुटली तं काय करशीन? मी म्हटलं, काईच नाई करत. बंद कर म्हटलं कोनं, तं पयले सही करून लिहून द्या म्हणीन."

"मंग? हासले का साहेब?"

"नाई. चहाचा कप खाली ठेवला."